कमी पैशांतला गेमिंग कॉम्प्युटर : सुट्या भागांची गोष्ट



आजचा विषय जाहीर झाल्यावर काहींनी आम्हाला विचारले, की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला गेमिंग कॉम्प्युटरचे काय पडले आहे? प्रश्न रास्त आहे. आम्ही स्वतः गेम खेळत नाही. पण कमी पैशांत गेम चालेल असा कॉम्प्युटर जमवायला बसलेली मुले कागदावर एक यादी करतात ना, प्रोसेसर हा, मदरबोर्ड तो, रॅम इतकी, ग्राफिक्स कार्ड अमुक, एसएमपीएस तमुक, त्या यादीचे आम्हाला फार नवल वाटते. आता बघा, टीव्ही घेताना अशी यादी आपण करत नाही. फ्रिजची करत नाही. खिशातल्या मोबाईलची तर करताच येत नाही. दुकानदार जे खोके देतो ते आपण घरी आणतो. मग याच एका यंत्राच्या बाबतीत गिऱ्हाईक निवडणारा कसा झाला? आणि निवडण्याचा हा हक्क त्याच्या हातात किती राहिला? आज एवढेच पाहायचे आहे.

सुरुवात अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातून करावी लागते. बोका रटोन नावाच्या गावी आयबीएम कंपनीची एक छोटी तुकडी डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखाली काम करत होती. आयबीएमची रीत अशी, की आपल्या यंत्रातले जवळजवळ सगळे आपणच बनवायचे. पण या तुकडीला मिळाला जेमतेम एक वर्षाचा अवधी. तेवढ्यात सगळे घरी बनवणे शक्यच नव्हते. म्हणून प्रोसेसर इंटेलचा ८०८८ घेतला, चाल ४.७७ मेगाहर्ट्झ. फ्लॉपी ड्राइव्ह टँडन कंपनीचे. या कंपनीचे संस्थापक जुगी टँडन हे मूळचे भारतीय, हे जाता जाता सांगतो. ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. १२ ऑगस्ट १९८१ रोजी हे यंत्र जाहीर झाले. आत बाहेरची कार्डे खोचायला पाच खाचा होत्या. इतरांना अशी कार्डे बनवता यावीत म्हणून कंपनीने एक जाडजूड तांत्रिक पुस्तक विकायला काढले, आणि त्यात सर्किटच्या आकृत्या तर होत्याच, पण यंत्र सुरू होताना चालणारा जो मूळ प्रोग्रॅम, ज्याला बायोस म्हणतात, तोही ओळीओळीने छापला होता.

हे औदार्य होते का? आम्हाला तसे वाटत नाही. घाई होती. पण घाईत उघडलेले दार पुढे कुणालाच नीट लावता आले नाही.

एक कुलूप मात्र राहिले होते. बायोस छापलेला असला तरी त्यावर आयबीएमचा कॉपीराइट होता. उतरवून घेतला तर कोर्टात जावे लागणार. यावर कॉम्पॅक कंपनीने जी युक्ती केली ती तर्कशास्त्राच्या वर्गात शिकवावी अशी आहे. एका गटाने आयबीएमचा प्रोग्रॅम वाचला आणि तो काय काय काम करतो एवढेच लिहून काढले. दुसऱ्या गटातल्या लोकांनी मूळ प्रोग्रॅम कधी पाहिलेलाच नव्हता. त्यांनी त्या वर्णनावरून आपला प्रोग्रॅम नव्याने लिहिला. कॉपीराइट शब्दांवर असतो, कार्यावर नसतो, या एका भेदावर सगळा डाव उभा होता. नोव्हेंबर १९८२ मध्ये कॉम्पॅकने आपला कॉम्प्युटर जाहीर केला. पण तो कॉम्पॅकपुरता. १९८४ मध्ये फिनिक्स टेक्नॉलॉजीज या कंपनीने त्याच रीतीने बायोस लिहिला आणि जो पैसे देईल त्याला विकायला सुरुवात केली, तेव्हा खरे दार उघडले. आता तैवानमधला छोटा कारखानदारसुद्धा मदरबोर्ड बनवू शकत होता. सुट्या भागांच्या बाजाराचे श्रेय लोक आयबीएमला देतात. आम्ही त्यातला मोठा वाटा फिनिक्सला देऊ.

आयबीएमने दार लावून घेण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. १९८७ मध्ये पीएस/२ ही नवी मालिका आली. तिच्यातल्या खाचा वेगळ्या, आणि तशा खाचा वापरायच्या तर आयबीएमचा परवाना घ्यायचा, त्याचे पैसे मोजायचे. १९८८ मध्ये नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन आपला वेगळा आराखडा मांडला. दोन्हींपैकी कुठलाच फार टिकला नाही, पण आयबीएमच्या हातून लगाम सुटला तो सुटलाच. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचा आराखडा दिला. मदरबोर्डचे स्क्रू कुठे, मागच्या जोडण्या कुठे, एसएमपीएसचा प्लग कसा, हे त्यात ठरले. एका कंपनीच्या कॅबिनेटात दुसऱ्या कंपनीचा बोर्ड बसतो तो या आराखड्यामुळे.

आता गेम. तुम्ही म्हणाल, इतका वेळ गेमचे नावच नाही. कारण निवडण्याची गरज गेममुळे पडली. पत्रे टाइप करायला, हिशेब ठेवायला कुठलाही बरा कॉम्प्युटर चालत असे. गेम मात्र यंत्राच्या सगळ्या भागांना एकाच वेळी कामाला जुंपतो, आणि कुठला भाग लंगडा आहे ते लगेच पडद्यावर दिसते. गाडीला एक खिलारी बैल आणि दुसरा थकलेला बैल जुंपला तर गाडी थकलेल्या बैलाच्या चालीने जाते, तसेच हे.

याचे पहिले मोठे उदाहरण सायरिक्सचे. डिसेंबर १९९३ मध्ये 'डूम' हा गेम आला. त्याची गणिते मुख्यतः पूर्णांकांची होती. त्या काळात इंटेलपेक्षा स्वस्त प्रोसेसर विकणाऱ्या कंपन्यांत सायरिक्सचे नाव होते. तिच्या ६एक्स८६ प्रोसेसरवर 'पी१६६+' असे लिहिलेले असे. प्रत्यक्षात त्याची चाल १३३ मेगाहर्ट्झच होती. कंपनीचे म्हणणे, की काम १६६ च्या पेंटियमइतके होते, मग आकडा तोच का लिहू नये? ऑफिसच्या कामात हे म्हणणे खोटे नव्हते. पण १९९६ मध्ये 'क्वेक' आला. त्यात त्रिमिती चित्रासाठी दशांश अपूर्णांकांची गणिते धो-धो करावी लागत, आणि तिथेच सायरिक्स पेंटियमच्या फार मागे पडला. पैसे वाचवायला सायरिक्स घेतलेल्या मुलांची पंचाईत झाली. पण त्यातून एक गोष्ट या मंडळींच्या कायमची ध्यानात राहिली. प्रोसेसर चांगला की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. कशासाठी चांगला, हे विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही. ॲरिस्टॉटल हेच सांगत होता, पण वर्गात तो सांगून पटवायला आम्हाला चार तास लागत, 'क्वेक' पाच मिनिटांत पटवत असे.

त्याच १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू चिपची कार्डे आली. हे कार्ड नुसती त्रिमिती चित्रे काढी. साध्या चित्रासाठी आधीचे कार्ड तसेच ठेवायचे आणि बाहेरून एक छोटी वायर जोडायची. दिसायला ओबडधोबड, पण प्रोसेसरवरचा मोठा भार उतरला. तेव्हापासून यादीत ग्राफिक्स कार्ड वरच्या ओळीत गेले ते आजतागायत. या कंपनीचा शेवटही पाहण्यासारखा आहे. सुरुवातीला ती चिप बनवी आणि कार्डे इतर अनेक कंपन्या बनवत. मग तिने एक कार्ड बनवणारी कंपनी विकत घेतली आणि सगळा धंदा आपल्याकडेच ठेवायचे ठरवले. बाकीचे कार्डवाले उठून एन्व्हिडियाच्या दारी गेले. डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सची मालमत्ता एन्व्हिडियाने विकत घेत असल्याचे जाहीर झाले. कारणे आणखीही होती, पण हे एक मोठे.

आता ज्याच्यासाठी आम्ही हे व्याख्यान ठरवले त्या गोष्टीकडे येतो. २४ ऑगस्ट १९९८. इंटेलने एकाच दिवशी दोन टोकांचे प्रोसेसर बाजारात आणले. एक पेंटियम टू, ४५० मेगाहर्ट्झचा, घाऊक भाव ६६९ डॉलर. दुसरा सेलेरॉन ३००ए, ३०० मेगाहर्ट्झचा, घाऊक भाव १४९ डॉलर. चौपटीहून जास्त फरक. सेलेरॉन हे नाव तेव्हा बदनाम झालेले होते, कारण त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या पहिल्या सेलेरॉनमधून कॅश मेमरी काढूनच टाकलेली होती. प्रोसेसरला सारखी लागणारी माहिती हाताशी ठेवणारी ही मेमरी. ती नसली की गवंड्याला प्रत्येक विटेसाठी खाली उतरावे लागते. नव्या ३००ए मध्ये ती परत आली, १२८ किलोबाइट. महागड्या पेंटियममध्ये ५१२ किलोबाइट होती. पण पेंटियमची मेमरी वेगळ्या चिपांवर, निम्म्या चालीची. सेलेरॉनची थोडी होती तरी प्रोसेसरच्याच चिपवर, पूर्ण चालीची.

प्रोसेसरची चाल म्हणजे मदरबोर्डची चाल गुणिले एक ठरलेला गुणक. ३००ए चा गुणक साडेचार, तो कंपनीने कुलूपबंद केलेला. मदरबोर्डची चाल ६६. साडेचार गुणिले ६६, झाले ३००. आता त्याच वर्षी असे मदरबोर्ड आले होते ज्यांची चाल १०० ठेवता येई. साडेचार गुणिले १०० किती? ४५०. कळले ना? गुणकाचे कुलूप तसेच ठेवून मुलांनी दुसरी बाजू वाढवली. सगळे नाहीत, पण पुष्कळ ३००ए ही चाल सहज सोसत. ॲबिट कंपनीच्या बीएच६ बोर्डावर तर हे मेनूतून करता येई. ज्यांच्या बोर्डावर सोय नव्हती त्यांनी प्रोसेसरच्या पट्टीवरची बी२१ नावाची एक पिन चिकटपट्टीने किंवा नेलपॉलिशने झाकली, की बोर्ड समजे हा १०० चा प्रोसेसर आहे. गेममध्ये हा चौथाई किमतीचा प्रोसेसर ६६९ डॉलरवाल्याच्या बरोबरीने धावू लागला.

असे का व्हावे? इथे कारखान्यात डोकवावे लागते. सिलिकॉनच्या एका तबकडीवर शेकडो चिपा एकदम तयार होतात. त्या सगळ्या सारख्या निघत नाहीत. तपासून त्यांची प्रतवारी होते, कोकणात आंब्याची होते तशी. पण कारखान्याचा हात बसला की वरच्या प्रतीचा माल जास्त निघू लागतो, आणि बाजारात मागणी तर स्वस्ताची जास्त. मग वरच्या प्रतीचा आंबा खालच्या प्रतीच्या पेटीत भरला जातो. वरचे लेबल किंमत सांगते, आतली गोडी सांगत नाही. आमच्या विषयात वस्तूचा गुण आणि वस्तूचे नाव यांच्या संबंधावर मोठमोठे वाद झाले आहेत. १९९८ साली हातात थोडे पैसे असलेल्या मुलांनी तो वाद स्क्रू-ड्रायव्हर घेऊन चालवला.

कंपनीची बाजूही सांगितली पाहिजे. गुणक कुलूपबंद करण्यामागे इंटेलने दिलेले एक कारण असे, की लबाड व्यापारी कमी चालीच्या प्रोसेसरवरचे आकडे खोडून जास्त चालीचे छापत आणि चढ्या भावाने विकत. हे खरेच घडत होते. म्हणजे ज्या कुलपाने हौशी मुलाची अडचण झाली त्याने काही भोळी गिऱ्हाइके वाचलीही.

पुढची दहा-बारा वर्षे हा लपंडाव चालला. २००० मध्ये एएमडीच्या ड्यूरॉन प्रोसेसरवर वरच्या बाजूला बारीक तुटक रेघा होत्या. त्या साध्या शिसपेन्सिलीने जोडल्या की गुणक खुला होई, कारण पेन्सिलीतल्या ग्राफाइटमधून वीज जाते. पुढच्या मालिकेत कंपनीने त्या जागी लेझरने खड्डे पाडले. मुलांनी खड्डे गोंदाने भरून वरून वीजवाहक रंग लावला! २००९ मध्ये एएमडीच्याच काही दोन कोअरच्या प्रोसेसरांत झोपवून ठेवलेले आणखी दोन कोअर जागे करता येत. मग जानेवारी २०११ मध्ये इंटेलची जी पिढी आली तिच्यात मदरबोर्डची चालही जवळजवळ जखडली गेली. आता जास्त चाल हवी तर नावात 'के' असलेला महाग प्रोसेसर आणि त्याला जुळणारा बोर्ड घ्यायचा. जे मूल पूर्वी अकलेने मिळवत होते त्याचा दर ठरला. २०१४ मध्ये पेंटियम नावाला वीस वर्षे झाली म्हणून इंटेलने जी३२५८ हा एक स्वस्त प्रोसेसर कुलपाविना दिला. पुष्कळांना वाटले, ३००ए परत आला. पण त्याला कोअर दोनच, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आलेले 'फार क्राय ४'सारखे गेम दोन कोअरवर सुरूच होईनात. चाल होती, हात कमी पडले. सायरिक्सचाच धडा पुन्हा.

हे सगळे आपल्याकडे कसे पोचले? मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. 'शोले' जिथे पाच वर्षे चालला ते मिनर्व्हा याच रस्त्यावर. इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत कॉम्प्युटरचे भाग आले. १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीची वाट थोडी मोकळी केली, १९९१ नंतर ती रुंदावली. १९९७ मध्ये भारताने माहिती तंत्रज्ञान करारावर सही केली, आणि २००५ पर्यंत त्यातल्या वस्तूंवरचे आयातशुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. कंपनीचा तो 'ब्रँडेड', जुळवलेला तो 'असेंबल्ड', हे शब्द तेव्हा घरोघर झाले. चार दुकानांत फिरून कोटेशनच्या चिठ्ठ्या गोळा करायच्या, पाचव्या दुकानात त्या दाखवून भाव पाडायचा, हे शिक्षण कुठल्या विद्यापीठात मिळाले नसते. भाव रोजचा बदलता. २१ सप्टेंबर १९९९ ला तैवानमध्ये भूकंप झाला आणि जगभर रॅमचे भाव चढले. २०११ मध्ये थायलंडमध्ये पूर आला आणि हार्ड डिस्क महागल्या. कुठे तरी पाणी चढते आणि एखाद्या मुलाच्या यादीतली एक ओळ खोडली जाते.

आमच्याकडच्या यादीत ज्या ओळीवर सर्वांत कमी विचार होई ती एसएमपीएसची. कॅबिनेटबरोबर फुकट मिळतो ना, मग झाले! इथे आम्हाला जरा कडक बोलावेसे वाटते. १९९५ च्या सुमाराच्या कॉम्प्युटरात वीज मुख्यतः ५ आणि ३.३ व्होल्टच्या तारांतून जाई. २००० च्या आसपास प्रोसेसर १२ व्होल्टच्या तारेवर आले, ग्राफिक्स कार्डेही आली. पण स्वस्त एसएमपीएसवर '४५० वॅट' लिहिलेले असले तरी त्यातले पुष्कळसे वॅट जुन्या तारांवर मोजलेले असत, १२ व्होल्टवर थोडेच. गेम रंगात आला की यंत्र बंद. आणि जळताना हा एसएमपीएस एकटा जळेलच असे नाही. लेबल आणि गुण यांतला फरक सेलेरॉनमध्ये गिऱ्हाइकाच्या बाजूने होता, इथे तो त्याच्या विरुद्ध आहे.

अलीकडचे थोडक्यात. २०१७ मध्ये एएमडीचे रायझन प्रोसेसर आले. त्यांचे एएम४ सॉकेट कंपनीने वर्षानुवर्षे चालू ठेवले, आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये आलेला ५८००एक्स३डी हा गेमसाठीचा अव्वल प्रोसेसरही त्याच सॉकेटात बसला. आज एक भाग, दोन वर्षांनी दुसरा, असे करत पुष्कळांनी सगळा कॉम्प्युटर बदलला. मग तो जुनाच की नवा? नागसेनाने मिलिंद राजाला रथाबद्दल विचारले होते, त्याच जातीचा प्रश्न. उलट बाजूला, आभासी चलनाच्या खाणकामाने २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये ग्राफिक्स कार्डांचे भाव आकाशाला नेले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने रीत बदलली, तेव्हा ती वापरलेली कार्डे ढिगाने बाजारात आली. आणि अनेक लॅपटॉपांत आता रॅम बोर्डावर डाख देऊन पक्की बसवलेली असते. १९८१ च्या त्या पाच खाचांपैकी तिथे एकही उरलेली नाही.

एक चिठ्ठी आली आहे. 'सर, इतिहास झाला, पण बजेट पन्नास हजार असेल तर काय घ्यावे?' मॉडेलची नावे आम्ही सांगणार नाही, हे ध्वनिमुद्रण तुम्ही ऐकाल तोवर ती शिळी होतील. क्रम सांगतो. आधी कुठले गेम खेळायचे ते लिहा. मग मॉनिटर ठरवा, कारण काम तो ठरवतो. १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, १४४० च्या पडद्यावर ३६.९ लाख. म्हणजे ग्राफिक्स कार्डाला पावणेदोन पट काम. थोड्या पैशांत १०८० पुरे. मग ग्राफिक्स कार्ड, तिथे यादीतला सर्वांत मोठा हिस्सा जाऊ द्या. प्रोसेसर त्या कार्डाला उपाशी ठेवणार नाही इतकाच, फार वरचा नको. रॅम सोळा जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्या, दोन वाटांनी माहिती येते. बोर्ड असा, की पुढचा प्रोसेसर त्यात बसेल. एसएमपीएस नावाजलेला, १२ व्होल्टचा आकडा वाचून. काचेचे कॅबिनेट आणि रंगीत दिवे उरलेल्या पैशांत.

दुसरी चिठ्ठी. 'जुने ग्राफिक्स कार्ड घ्यावे का?' घ्यावे, पण दुकानात उभे राहून अर्धा तास गेम चालवून पाहावा. पंखे दोन्ही फिरतात का, पडद्यावर ठिपके चमकतात का, वॉरंटी किती उरली आहे आणि ती बिलाशिवाय मिळते का, हे विचारावे. दुकानदार कंटाळला तर चहा मागवावा, आणि गेम चालू ठेवावा.